मुलांच्या अभ्यासाला शेजारी बसावे की बसू नये?

कोरी पाटी (प्रश्न)

नमस्कार. माझा मुलगा दहा वर्षांचा आणि मुलगी सहा वर्षांची आहे. गेली दोन वर्षे मी रोज संध्याकाळी मुलाला घेऊन दीड ते दोन तास अभ्यासाला बसते. त्याचा गृहपाठ कधीही अपुरा राहत नाही, वह्या नीटनेटक्या असतात आणि गणितातील उदाहरणे, अगदी शाब्दिक उदाहरणेसुद्धा, तो माझ्यासमोर बऱ्यापैकी सोडवतो. चाचणीत मात्र तशीच उदाहरणे तो अर्धवट टाकून येतो. विचारले, तर "येत होते, पण तेव्हा सुचले नाही" एवढेच उत्तर मिळते. मी मध्येच उठून दुसऱ्या खोलीत गेले, की त्याची पेन्सिल थांबते आणि मी परत येईपर्यंत तो खिडकीबाहेर पाहत बसतो.

याचा दुसरा परिणाम असा, की आम्हा दोघांत अभ्यासाव्यतिरिक्त बोलण्यासारखे फारसे उरलेले नाही आणि जे बोलणे होते त्याचाही शेवट बहुधा माझ्या रागावण्यात होतो. माझ्या पतीचे म्हणणे आहे, की त्याला त्याच्यावर सोडून द्यावे, चुकेल आणि शिकेल. हे ऐकायला पटते, पण धीर होत नाही. कारण एकदा मागे पडलेले मूल पुढच्या इयत्तेत आणखी मागे पडते, हेही मी पाहिले आहे. मुलगी नुकतीच अक्षरे जुळवून वाचू लागली आहे. मुलाच्या बाबतीत माझे काही चुकले असेल, तर तेच तिच्या बाबतीत होऊ नये, अशी इच्छा आहे. पालकांनी घरी काय करावे आणि मुख्य म्हणजे काय करू नये, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खडू

ताई, मी सव्वीस वर्षे प्राथमिक वर्गांना शिकवले, त्यामुळे टेबलाच्या दुसऱ्या बाजूने काय दिसते ते सांगते. बिनचूक वही शिक्षकाला काहीच सांगत नाही. घरून आलेली पाचही उदाहरणे बरोबर असली, की आम्ही 'याला हे आले' असे गृहीत धरून पुढच्या धड्याकडे वळतो. मुलाचे कुठे अडते आहे हे आम्हाला कळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे त्याची चूक आणि ती घरीच खोडली जाते. माझे निरीक्षण असे, की घरात खोडरबर कोणाच्या हातात असते यावरून मूल किती शिकते आहे, याचा बराचसा अंदाज येतो.

एक उदाहरण घेऊ. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश. बरीच मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून दोन पंचमांश असे उत्तर काढतात. शेजारी बसलेली आई ताबडतोब म्हणते, "अरे, छेद समान करून घे!" मूल छेद समान करते, पाच षष्ठांश हे उत्तर येते आणि वही बरोबर होते. यात मूल शिकले ते इतकेच, की आईच्या कपाळावर आठी पडली म्हणजे काहीतरी खोडायचे. पुढे पुढे ते उदाहरणाकडे पाहतच नाही, आईच्या चेहऱ्याकडे पाहत पाहत लिहिते. चाचणीच्या वेळी तो चेहरा समोर नसतो. तुमचा मुलगा म्हणतो ते 'तेव्हा सुचले नाही' मला खोटे वाटत नाही. त्याला सुचवणारी व्यक्तीच तिथे नव्हती.

त्याऐवजी उत्तर लिहून होईपर्यंत थांबावे आणि मग इतकेच विचारावे, "अर्ध्यामध्ये आणखी काही मिळवले, तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठे यायला हवे की लहान?" दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा लहान असते. ही विसंगती मुलाच्या स्वतःच्या लक्षात आली, की छेद समान का करायचे, हा प्रश्न त्याचा स्वतःचा होतो. यासाठी कदाचित दहा मिनिटे लागतील आणि त्या दिवशी पाचऐवजी दोनच उदाहरणे होतील. होऊ द्यावीत.

उठायचे कसे, हा तुमचा खरा प्रश्न आहे. दोन वर्षांची सवय एका दिवसात मोडून 'आता तुझे तू बघ' असे सांगणे मला योग्य वाटत नाही, कारण मुलाला ती शिक्षा वाटते. पहिला आठवडा सुरुवातीला पाच मिनिटे आणि शेवटी दहा मिनिटे, एवढेच बसा. सुरुवातीला आज काय करायचे आहे ते त्यानेच सांगावे. मधल्या वेळात तुम्ही त्याच खोलीत, पण तुमच्या स्वतःच्या कामात असा. शेवटी वही पाहताना चुकीच्या ठिकाणी बोट न ठेवता "पाचपैकी दोन चुकली आहेत, कोणती ते शोध" एवढेच सांगा. ठरवलेली वेळ संपली आणि काम राहिले, तर ते तसेच ठेवून वहीत शिक्षकांसाठी एक ओळ लिहा, की ही दोन उदाहरणे त्याला स्वतःहून जमली नाहीत. अशी ओळ लिहिणारे पालक मला क्वचितच भेटले. जे भेटले, त्यांच्या मुलांना काय समजावून सांगायचे आहे, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता माहीत असे.

शेवटचा बाक

खडूताईंच्या मताशी मी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. 'पाचपैकी दोन चुकली आहेत' हे वाक्य माझ्या मुलीला पहिल्यांदा सांगितले, तेव्हा तिला रडू कोसळले होते. चूक शोधणे हा खेळ वाटायला तिला तीन आठवडे लागले आणि त्यासाठी आधी मला एक उलटा प्रयोग करावा लागला. मी मुद्दाम दोन चुका करून उदाहरणे सोडवायचो आणि त्या शोधायचे काम तिच्याकडे असायचे. बापाची चूक पकडण्यात जो आनंद आहे, तो वापरून घ्यायला हरकत नसावी.

मला सांगायचे आहे ते गणिताच्या भीतीविषयी. शाळेत असताना मी गणितापासून पळणारा विद्यार्थी होतो. मुलीला गणित शिकवताना माझा आवाज चढायचा, मी घाईघाईने रीत सांगून मोकळा व्हायचो आणि तिला धीर देण्यासाठी म्हणायचो, "मलाही कधी गणित जमले नाही." या वाक्यामुळे तिला धीर येत नव्हता, उलट न जमण्याची परवानगी मिळत होती, हे फार उशिरा लक्षात आले. 2015 मध्ये अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास नंतर वाचनात आला. ज्या पालकांना गणिताची धास्ती आहे ते गृहपाठात वारंवार मदत करत असतील, तर त्यांची मुले वर्षभरात गणित कमी शिकतात आणि वर्षअखेरीस त्यांची स्वतःची भीतीही वाढलेली असते, असे त्यात आढळले. मदत क्वचित करणाऱ्या, तितक्याच घाबरट पालकांच्या मुलांमध्ये मात्र हा परिणाम दिसला नाही. अपाय भीतीमुळे तर होताच, पण तो मुलापर्यंत पोहोचायला मदतीची वाट लागत होती.

मी शिकवणे थांबवले. आता जेवणानंतर पंधरा मिनिटे ती मला शिकवते आणि मी प्रश्न विचारतो. ते विचारताना मला नाटक करावे लागत नाही, कारण अपूर्णांकांचा भागाकार करताना दुसरा अपूर्णांक उलटा का करायचा, हे मला खरोखरच माहीत नव्हते. तिलाही सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी तिने ते शाळेत विचारले आणि घरी येऊन मला समजावले. ज्या विषयात आपण कच्चे आहोत, त्यात तरी पालकाने विद्यार्थी व्हावे, असे मला वाटते.

उजळणी

मी शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अध्ययनाचे मानसशास्त्र शिकवतो. वर जे लिहिले गेले आहे त्याला बराच आधार आहे, पण मूळ प्रश्नातील एक गाठ अजून सुटलेली नाही. घरी येते आणि चाचणीत येत नाही, असे का होते?

एक कारण असे, की समोर दिसणारी गोष्ट ओळखणे आणि समोर काहीही नसताना ती आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि घरचा अभ्यास बहुतेक वेळा पहिल्याच कामाचा सराव देतो. धडा पुन्हा वाचला, की तो ओळखीचा वाटतो आणि ओळखीचा वाटला, की आपल्याला तो येतो असा समज होतो. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका प्रयोगात एका गटाने उतारा वारंवार वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एका सत्रात वाचून नंतरची तीन सत्रे न बघता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले, तेव्हा वारंवार वाचणारे पुढे होते. 83 टक्के विरुद्ध 71 टक्के. आठवड्याने मात्र चित्र पालटले. वारंवार वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 61 टक्के. आपल्याला हे चांगले लक्षात राहील, असा विश्वास पहिल्याच गटाला अधिक होता, ही त्यातील सर्वांत बोलकी गोष्ट आहे. संध्याकाळी सगळे येत होते, असे तुमच्या मुलाला आणि तुम्हालाही वाटते, ते या पाच मिनिटांनंतरच्या मोजणीसारखे आहे.

घरी करायचे म्हणजे पुस्तक मिटून तीन प्रश्न. आज काय शिकलास, परवा काय शिकला होतास आणि मागच्या आठवड्यातले एक. उत्तर आले नाही तर लगेच सांगू नये, अर्धा मिनिट आठवू द्यावे आणि मग पुस्तक उघडून त्यालाच पडताळू द्यावे. हा वेळ अवघडल्यासारखा वाटतो. शांतता पालकांनाच जास्त असह्य होते. पाढे, स्पेलिंग, व्याख्या, नकाशातील ठिकाणे या सर्वांना हे लागू पडते. एका बैठकीत तासभर घोकण्यापेक्षा तोच तास चार दिवसांत विभागला, तर ते अधिक काळ टिकते. विस्मरणाविषयी एबिंगहाउस याने 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून लिहिले, तेव्हापासून हे पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. गणितात आणखी एक पथ्य पाळावे. एकाच प्रकारची दहा उदाहरणे ओळीने सोडवताना कोणती रीत लावायची, हा निर्णय मुलाला घ्यावाच लागत नाही, तो वरच्या मथळ्यानेच घेतलेला असतो. चाचणीत मथळा नसतो. म्हणून जुन्या-नव्या प्रकारांची सरमिसळ करून चारच द्यावीत.

सोबत बसण्याविषयी बोलायचे, तर वुड, ब्रूनर आणि रॉस यांनी 1976 मध्ये या प्रकारच्या मदतीला बांधकामावरच्या परांचीची उपमा दिली. परांची भिंतीला लागूनच उभारावी लागते आणि भिंत उभी राहत जाईल तशी ती उतरवायचीही असते. तुमचे बसणे चूक नव्हते, ते उतरवायचे राहिले, असे मी म्हणेन.

झोपेचा मुद्दा थोडक्यात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत 9 ते 12 तास झोप हवी, अशी अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीची 2016 ची शिफारस आहे. गृहपाठासाठी जागवणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

गोष्टीवेल्हाळ

धाकटीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडेसे. अक्षरे जुळवण्याचा सराव तिला हवाच, पण आपण वाचून दाखवणे त्यासाठी बंद करू नये. 'आता तुला वाचता येते ना, मग तूच वाच' असे म्हणून अनेक घरांत हे वय वाया जाते. तिला स्वतःला जे वाचता येते त्याच्या कितीतरी पुढचे तिला ऐकून समजते आणि शब्दसंपत्ती तिथूनच वाढते. वाचताना मध्ये थांबून 'याचा रंग कोणता' यासारखे एका शब्दाचे प्रश्न विचारण्यापेक्षा 'हा असा का वागला असेल' किंवा 'तुझ्या बाबतीत असे कधी झाले होते का' असे विचारावे आणि ती जे बोलेल त्यात एखादा शब्द घालून ते पूर्ण वाक्यात परत म्हणावे. व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये दाखवले, की पालकांनी महिनाभर अशा संवादी पद्धतीने वाचले, तरी लहान मुलांच्या बोलण्यात फरक पडतो.

अंकांसाठी सापशिडी पुरेशी आहे, मात्र एक अट आहे. सोंगटी 25 वर असताना तीन पडले, तर 'एक, दोन, तीन' असे न मोजता '26, 27, 28' असे मोठ्याने म्हणत पुढे जावे. शंभरपर्यंतच्या पटावर अशा प्रकारे पुढे मोजणाऱ्या मुलांना संख्यांची जाण अधिक येते, असे प्रयोगांत दिसले आहे. एकपासून मोजणाऱ्यांना तो फायदा फारसा होत नाही.

दोन बाजू

मी अध्ययनात अडचणी असणाऱ्या मुलांसोबत काम करते. वरील सर्व सल्ला मला मान्य आहे, पण तो देण्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा होता, असे वाटते. आई उठल्यावर पेन्सिल थांबते, याचे कारण सवय हेच असेल असे आपण सर्वांनी धरून चाललो आहोत. ते तसे नसण्याचीही शक्यता आहे. ज्या मुलाला खरोखर अडचण आहे, त्याची परांची काढली तर भिंत उभी राहत नाही आणि मग त्याला आळशी ठरवले जाते.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचे अंधुक दिसणारे मूल तक्रार करत नाही, कारण सर्वांना तसेच दिसते असे त्याला वाटते. त्यानंतर एक साधी पडताळणी घरी करा. समान अवघडपणाची चार शाब्दिक उदाहरणे घ्या, त्याने पूर्वी न पाहिलेली. दोन तुम्ही वाचून दाखवा, दोन त्याने स्वतः मनात वाचावीत. दोन्हीकडे सारखेच अडत असेल, तर अडचण गणिताची आहे. तुम्ही वाचल्यावर येत असेल आणि स्वतः वाचल्यावर येत नसेल, तर अडचण गणिताची नाही, वाचनाची आहे. गॉफ आणि टनमर यांनी 1986 मध्ये मांडल्याप्रमाणे लिखित मजकूर समजायला दोन गोष्टी लागतात, शब्द उलगडणे आणि ऐकलेली भाषा समजणे. त्यांपैकी एक जरी लंगडी असली, तरी वाचून समजणे लंगडते. ज्याची सारी शक्ती जोडाक्षरे आणि लांब शब्द उलगडण्यातच खर्च होते, त्याच्याकडे उदाहरणाचा अर्थ लावायला काही शिल्लक राहत नाही.

कोरी पाटी

सर्वांचे मनापासून आभार. चार दिवस प्रयोग करून लिहिते आहे. दोन बाजू यांनी सुचवलेली पडताळणी दोनदा केली, वेगवेगळ्या उदाहरणांवर. मी वाचून दाखवलेली चारही त्याने जवळजवळ न थांबता सोडवली. स्वतः वाचलेल्या चारपैकी एकच बरोबर आले; उरलेल्या तिन्हींत त्याने दिसतील त्या संख्यांची सरळ बेरीज केली होती. नंतर मी त्याला तीच उदाहरणे मोठ्याने वाचायला सांगितली, तेव्हा 'प्रत्येकी' हा शब्द त्याने दोनदा गाळला आणि 'उरलेल्यांपैकी' वाचताना तो इतका अडखळला, की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरला होता.

मग लक्षात आले, की गेली दोन वर्षे रोज संध्याकाळी उदाहरण मीच वाचून दाखवत आले आहे. 'चल, पुढचे घेऊ' म्हणून पुस्तक माझ्याकडे ओढून वाचायचे आणि मग पेन्सिल त्याच्या हातात द्यायची. मी ही मदत कधी मोजलीच नाही, कारण ती मदत आहे असेच वाटले नव्हते. उत्तर मी कधी सांगत नसे, याचा मला अभिमान होता.

डोळे तपासायची वेळ घेतली आहे. आता त्याला वाचून दाखवणे पूर्ण बंद करावे का? आणि शाळेशी आत्ता बोलावे, की पुढच्या चाचणीपर्यंत थांबावे?

दोन बाजू

थांबू नका, याच आठवड्यात बोला आणि 'गणितात कच्चा आहे' असे न सांगता तुम्ही वर लिहिलेले निरीक्षण जसेच्या तसे सांगा. 'प्रत्येकी' गाळला, 'उरलेल्यांपैकी'वर अडखळला, ऐकून चारही बरोबर. अशा तपशिलाचा आम्हाला फार उपयोग होतो. नियमित सराव करूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर रीतसर तपासणी करून घ्या. त्यात घाबरण्यासारखे काही नाही आणि बुद्धीशी त्याचा संबंध नाही.

वाचून दाखवणे पूर्ण बंद करू नका. विज्ञान, इतिहास आणि गोष्टी खुशाल वाचून दाखवा, कारण वाचन मंद आहे म्हणून ज्ञानही मंद राहावे, असे होता कामा नये. गणितातील उदाहरण मात्र यापुढे त्याने वाचायचे. वाचून झाल्यावर आकडे बोटाने झाकून, उदाहरणात काय घडले ते गोष्टीसारखे सांगायला लावा. आकडे दिसत नसले, की सरळ बेरीज करून मोकळे होता येत नाही. गोष्ट नीट सांगता आली, तरच पेन्सिल उचलायची.

वाचनासाठी रोज दहा मिनिटे स्वतंत्र काढा. एकच छोटा परिच्छेद आधी तुम्ही वाचा, मग दोघांनी एकत्र, मग त्याने एकट्याने आणि दुसऱ्या दिवशी नवा घेण्याआधी कालचाच एकदा. अडखळला, तर तीन-चार सेकंद थांबून शब्द सांगून टाका, तिथे उलगडत बसवू नका. परिच्छेद धड्यातला नसावा, त्याच्या आवडीचा असावा, मग तो किल्ल्यांविषयी असो वा कीटकांविषयी. या दहा मिनिटांत शेजारीच बसा.